मागच्या तारखेची नोंद

परवा सोमवारी सकाळीच भाचीचा फोन आला. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. ‘‘मामा, तुम्ही आयुष्यभर हिशेबखात्यात काढलंत ना, मग एक सांगा. गेल्या गुरुवारी मी रात्री तीन तास जास्तीचं काम केलं. घरी येताना रिक्षाचे एकशे ऐंशी रुपये खिशातून घातले. दोन्ही लिहायचं राहून गेलं. आज लिहायला गेले, तर मशीन म्हणतं, मागचा आठवडा बंद झाला. काम मी केलं, पैसे माझे गेले आणि मलाच लिहायला मनाई! यांचा आमच्यावर विश्वासच नाही का?’’

तिला फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं. कामाचे तास आणि खर्च यांच्या जुन्या नोंदींना असं कुलूप का लावतात, त्याने कोणाचं रक्षण होतं, आणि ते कुठे माणसाला उगाच अडवतं, याचा विचार नंतर दिवसभर मनात घोळत राहिला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. कारखान्यातला हजेरीपट आपल्याला ठाऊक असतो. माणूस आला की नाही, एवढंच तो सांगतो. टाइमशीट त्याच्या पुढे जातं. माणूस आला, आठ तास होता, पण ते आठ तास कोणाच्या नावावर खर्ची पडले? लंडनच्या एका बँकेच्या कामावर चार, मुंबईच्या एका विमा कंपनीच्या कामावर तीन, आणि उरलेला एक तास कचेरीच्या बैठकीत. वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, जाहिरात कंपन्या आणि अर्थातच सॉफ्टवेअरवाले, या सगळ्यांचा माल म्हणजे त्यांचा वेळ. त्यामुळे वेळ मोजून, लिहून ठेवावा लागतो. त्या कामासाठी झालेला प्रवास, जेवण, झेरॉक्स असा किरकोळ खर्चही त्याच जागी लिहितात. पूर्वी यासाठी छापील तक्ते असत, आता संगणकावर किंवा मोबाइलवर नोंद करायची. आठवडा संपला की वरिष्ठाने ती पाहायची आणि मंजूर करायची.

इथपर्यंत सगळं साधं आहे. गुंतागुंत सुरू होते ती यानंतर. मंजूर झालेला तासांचा आकडा एका जागी बसून राहत नाही. त्यावरून ग्राहकाचं बिल निघतं. त्यावरून काही ठिकाणी पगार आणि जादा कामाचा मोबदला ठरतो. प्रकल्पात नफा झाला की तोटा, हे त्यावरूनच कळतं. बिल झालं म्हणजे कर आला, कर आला म्हणजे विवरणपत्र आलं. एका आकड्याच्या भरवशावर चार जणांनी आपापला मजला चढवलेला असतो.

आता समजा, कुलूप नाही. सोमवारी ग्राहकाला अडतीस तासांचं बिल गेलं. मंगळवारी कोणाला तरी आठवलं, आणि त्याने मागच्या आठवड्यात जाऊन तीन तास वाढवले. संगणक आता एकेचाळीस म्हणतो, बिल अडतीस म्हणतं. महिन्याभराने ग्राहक विचारतो, ‘‘तुमच्या तासांचा तपशील पाठवा.’’ तपशील काढून पाठवला, तर तो बिलाशी जुळत नाही. यात लबाडी कोणीच केलेली नाही. ज्याने तास वाढवले त्याने काम केलं होतं. ज्याने बिल पाठवलं त्याने त्या दिवशी दिसत होता तोच आकडा घातला होता. तरीही कंपनी खोटी ठरते. मार्च महिन्याचा अहवाल एप्रिलमध्ये काढला तर एक, मेमध्ये काढला तर दुसरा, असं झालं की खरा मार्च कोणता, हे सांगायला कोणी उरत नाही.

म्हणून कुलूप. ते साधारण तीन प्रकारचं असतं. वरिष्ठाने आठवडा मंजूर केला की त्यातल्या नोंदी गोठतात, हा एक प्रकार. दुसरा बिलाचा. जे तास बिलात गेले ते बिलाला चिकटतात, आणि ते बिल रद्द केल्याशिवाय सुटत नाहीत. तिसरं कुलूप तारखेचं. अमुक तारखेच्या आधीचं सगळं बंद, मंजूर असो वा नसो. भाचीला आडवं आलं ते हे तिसरं. तिचा राग मला समजतो, कारण तिने लिहिलेलं बदलायला ती गेलीच नव्हती. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं! पण हिशेबाच्या दृष्टीने कोरी जागा म्हणजे शून्य, आणि शून्य हाही एक आकडा आहे. शून्याचे तीन केले काय आणि आठाचे अकरा केले काय, खालची बेरीज दोन्हीकडे तेवढीच हलते. म्हणून कोऱ्या जागेलाही कुलूप लागतं.

यात एक छोटी मेख आहे, ती जाता जाता सांगतो, कारण आपल्याकडच्या पुष्कळ मुलामुलींना ती बाधते. कुलूप कोणत्या घड्याळाने लागतं? न्यूयॉर्कच्या कंपनीने शुक्रवारी संध्याकाळी सहाची वेळ ठेवली असेल, तर पुण्यात तेव्हा शनिवारची पहाट असते. उन्हाळ्यात साडेतीन, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेचार. पुण्याची मंडळी शुक्रवारी रात्री ‘उद्या सकाळी भरू’ म्हणून झोपतात आणि उठतात तेव्हा दार बंद झालेलं असतं. कुलूप लावणाऱ्याने निदान प्रत्येकाला त्याच्या गावची वेळ सांगायला हवी.

आता थोडं मागे जातो. माझे वडील सांगलीला हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. रोज संध्याकाळी ते पेटीतली रोकड मोजायचे, रोजमेळ जुळवायचे, आणि जुळला की बेरजेखाली दोन रेघा ओढायचे. त्या रेघांच्या वर दुसऱ्या दिवशी कोणी काही लिहायचं नाही, अगदी मालकानेसुद्धा नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. शाळा सुटल्यावर दुकानात गेलो होतो. तेवढ्यात एक हमाल आला. म्हणाला, ‘‘दिवाणजी, गेल्या बुधवारी मी बेचाळीस पोती उचलली, पैसे बत्तीसचे मिळाले.’’ वडिलांनी तोलाईची चिठ्ठी काढली. हमालाचं म्हणणं बरोबर होतं. मी आगाऊपणाने म्हटलं, ‘‘अण्णा, तीनाचा चार करायला काय लागतं?’’

त्यांनी वहीचं बुधवारचं पान उघडलंसुद्धा नाही. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं : मागील बुधवारची हमाली, दहा पोती, चुकून राहिलेली. पैसे दिले, अंगठा घेतला. हमाल गेल्यावर मला म्हणाले, ‘‘बुधवारच्या पानावर तीनाचा चार केला, तर वही म्हणेल की याला बेचाळीस पोत्यांचे पैसे बुधवारीच दिले. दिले होते का? नाही. उद्या तो भांडायला आला तर तो खरा आणि माझी वही खोटी. शिवाय त्या दिवशी मोजलेली शिल्लक जुळायची नाही ती वेगळीच.’’

हिशेबाची पुढे बरीच पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या. पण मागची नोंद का बदलायची नाही, याचं यापेक्षा चांगलं उत्तर मला कुठे सापडलं नाही. चूक दुरुस्त करायची असतेच. पैसे द्यायचे असतातच. फक्त ती दुरुस्ती आजच्या तारखेला, आजच्या पानावर, आणि ती कशाची दुरुस्ती आहे हे लिहून करायची. म्हणजे वहीत दोन खऱ्या गोष्टी राहतात : बुधवारी चूक झाली होती, आणि आज ती निस्तरली.

ही समज आपल्याकडे दुकानांपुरती नव्हती. शिवकालीन पत्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, मजकूर जिथे संपतो तिथे एक लहान मुद्रा उमटवलेली असते : ‘मर्यादेयं विराजते’. पत्राची मर्यादा इथे झाली. याच्या खाली कोणी ओळ घुसडली तर ती पत्रातली धरायची नाही. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण येता-जाता वापरतो, त्यातला मोर्तब तो हाच. सरकारी बांधकाम खात्यातलं मोजमाप पुस्तक त्याच जातीचं. पानांना क्रमांक छापलेले, पान फाडायचं नाही, खोडरबर चालवायचं नाही, चूक झाली तर आडवी रेघ मारून त्यावर सही आणि तारीख. आणि एकदा त्या मोजमापाचं बिल झालं, की नोंदीवरून लाल शाईची तिरकी रेघ जाते. तीच भिंत, तोच खडीचा ढीग पुन्हा मोजून दुसऱ्यांदा पैसे निघू नयेत म्हणून. सॉफ्टवेअरमधलं बिलाचं कुलूप म्हणजे ही लाल रेघच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं आहे तर मग प्रश्न कुठे आहे? प्रश्न आहे तो किल्लीचा. आणि त्याचा आपल्या देशातला सर्वांत मोठा धडा ज्या कंपनीत मिळाला तिचं नाव, योगायोग पाहा, ‘सत्यम्’ असं होतं.

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम् कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. तो गदारोळ अनेकांना आठवत असेल. पण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते नंतरच्या तपासात बाहेर आलं. सत्यम्‌मध्ये बिल तयार होण्याची एक रीतसर साखळी होती. आधी प्रकल्पाला क्रमांक मिळायचा. मग प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची नोंद. मग ‘ऑनटाइम’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्यांनी आपले कामाचे तास भरायचे. त्या तासांवरून बिलाची सूचना तयार व्हायची, आणि त्या सूचनेवरून शेवटच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल. म्हणजे प्रत्येक बिलाच्या पोटात कोणाचे तरी घामाचे तास असायला हवेत, अशीच रचना होती. ती रचना वाईट नव्हती, चांगली होती.

झालं काय, तर शेवटच्या सॉफ्टवेअरला एक मागचं दार होतं. खास अधिकाराचा पासवर्ड ज्यांच्याकडे होता त्यांना, अलीकडची सगळी साखळी टाळून, एक्सेलच्या तक्त्यातून थेट बिलं आत घालता येत होती. आणि अशा बिलावर एक खूण करता येत होती, ‘दाखवा’ किंवा ‘लपवा’. लपवलेली बिलं विक्री आणि प्रकल्प पाहणाऱ्या माणसांच्या पडद्यावर उमटतच नसत. हिशेबात मात्र ती मिळकत म्हणून मोजली जात. २००३ ते २००८ या काळातली अशी साडेसात हजारांहून जास्त बिलं तपासात निघाली, आणि त्यांची रक्कम पाच हजार कोटींच्या पुढे गेली. या बिलांमागे एकही तास नव्हता, कारण एकही माणूस त्या कामावर बसला नव्हता. ते कामच नव्हतं.

मला यात सगळ्यात जास्त काय बोचतं, सांगतो. सत्यम्‌मध्ये सुमारे पन्नास हजार माणसं होती. त्यातली हजारो रोज ‘ऑनटाइम’मध्ये आपले तास निमूटपणे भरत होती. कोणी भरायला विसरला तर त्याला आठवण जात असेल, कोणी अर्धा तास चुकवला तर वरिष्ठ विचारत असेल. पुढच्या दाराशी एवढा पहारा, आणि मागचं दार उघडं. जानेवारी २००९ नंतर नोकरी राहते की जाते या काळजीत रात्री काढल्या त्या या माणसांनी. त्या एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली आणि २०१३ मध्ये ती त्यांच्यात विलीन झाली, म्हणून बऱ्याच जणांचं निभावलं. टेक महिंद्राचं मुख्यालय पुण्यातलं, त्यामुळे आपल्या ओळखीपाळखीतही त्यातले काही भेटतात. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात ती स्थगित झाली.

तेव्हा भाचीच्या ‘विश्वासच नाही का’ या प्रश्नाची दुसरी बाजू अशी, की कुलूप फक्त खालच्या माणसाला असेल तर तो अविश्वासच म्हणायला हवा. तेच कुलूप वरच्यालाही असेल, तर ते खालच्या माणसाचं संरक्षण ठरतं. अमेरिकेत याचा अनुभव वेगळ्या तऱ्हेने आला. एप्रिल २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एक मोठं वृत्त छापलं होतं. मोठ्या साखळी-दुकानांतले काही व्यवस्थापक कामगारांच्या घड्याळी नोंदी संगणकात शिरून गुपचूप कमी करत होते. इथून पंधरा मिनिटं, तिथून अर्धा तास, कधी आठवड्याचे कित्येक तास. कामगारांचा खर्च कमी दाखवला की व्यवस्थापकाची वाहवा होत असे. कामगाराला पत्ता लागायचा तो पगाराची चिठ्ठी हातात पडल्यावर, आणि तोवर त्याच्या मूळ नोंदीचा मागमूस राहिलेला नसे. त्यावरून तिथे खटले उभे राहिले. तुम्ही सही केलेल्या आठवड्यावर कुलूप बसलं, तर तुमचा साहेबसुद्धा तुमचे तास छाटू शकत नाही, हा त्या कुलपाचा दुसरा अर्थ.

पण किल्ली कोणाकडे तरी असणारच. सगळी माणसं चुकतात, आणि कायमचं कुलूप कोणालाच परवडत नाही. म्हणून किल्लीबरोबर आणखी एक गोष्ट लागते. कुलूप कोणी, कधी उघडलं, आत काय होतं आणि त्याचं काय केलं, याची आपोआप होणारी नोंद. ती नोंद किल्लीवाल्यालाही पुसता येता कामा नये. भारतात कंपन्यांच्या बाबतीत हा आता नियम आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून, हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद झाली पाहिजे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकानेही ते तपासून अहवालात सांगायचं. खरं तर हा नियम २०२१ मध्येच यायचा होता, तयारी नाही म्हणून दोनदा पुढे ढकलला. तो हिशेबाच्या पुस्तकांसाठी आहे, वेळ नोंदवणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला लागू होतो असं समजू नये. शिवाय त्याने जुनी नोंद बदलायला बंदी केलेली नाही. बदल लपवायला बंदी केली आहे. माझ्या मते हे जास्त शहाणपणाचं आहे.

कारण नुसत्या कुलपाचा एक मोठा दोष आहे, आणि तो मला त्याच दिवशी संध्याकाळी कळला. भाचीला तिच्या शेजारच्या मुलीने सल्ला दिला होता, ‘‘डोकं कशाला खातेस? या आठवड्यात मंगळवारी तीन तास वाढवून टाक, झालं काम.’’ आणि असं सर्रास चालतं, हेही तिने सांगितलं. हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. बघा, मुलगी प्रामाणिक, काम प्रामाणिक, आणि तिच्या हातून खोटी नोंद करवून घेतो आहे कोण, तर खोट्या नोंदी होऊ नयेत म्हणून लावलेलं कुलूप! मंगळवारी ती सातला घरी गेलेली असेल, दारावरच्या कार्डाची नोंद तेच सांगेल, आणि टाइमशीट म्हणेल अकरा तास काम केलं. दुसऱ्या कोणाच्या आठवड्यात ही विसंगती सापडली असती तर आपणच तिला लबाडी म्हटलं असतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांत तर तपासनीस न कळवता येतात, माणसाला त्याच्या जागेवर गाठून विचारतात, ‘‘आत्ता कोणत्या कामावर आहात?’’ आणि ते उत्तर त्याच्या टाइमशीटशी ताडून पाहतात. तिथे असली सोयीस्कर मंगळवारची नोंद महागात पडेल.

तेव्हा कुलूप लावणाऱ्या कचेऱ्यांनी काही गोष्टी पाळायला हव्यात. मी निवृत्तीनंतर दोन-तीन लहान कचेऱ्यांना हिशेब लावून देतो, त्या अनुभवाने सांगतो. आठवडा संपल्या क्षणी कुलूप लावू नये, दोन कामाचे दिवस मोकळे ठेवावेत. कुलूप लागायच्या आदल्या दिवशी ज्यांच्या नोंदी अपुऱ्या आहेत त्यांना निरोप जावा. आमच्या एका ठिकाणी एवढ्या एका निरोपाने उशिराच्या विनंत्या जवळजवळ थांबल्या. आणि उशीर झालाच, तर कोणाकडे जायचं हे सगळ्यांना ठाऊक हवं, आणि तिथे गेल्याबद्दल बोलणी खावी लागता कामा नयेत. विनंती करण्याची लाज वाटली की माणसं मंगळवारचा रस्ता धरतात. किल्ली दोघांकडे असावी, पण स्वतःचीच नोंद उघडायची तर दुसऱ्याने उघडावी. सत्यम्‌चा धडा गिरवायला पाच हजार कोटींची कंपनी लागत नाही. सात माणसांच्या कचेरीतही मालकाला वाटतंच, की आपल्याला कशाला कुलूप!

खर्चाचं मात्र वेगळं आहे, आणि तासांच्या बरोबरीने त्यालाही तेच कुलूप लावणं ही मला साफ चूक वाटते. तास हे माणसाच्या डोक्यात असतात, त्यामुळे ते लवकर लिहिलेले बरे. पंधरा दिवसांनी लिहिलेले तास म्हणजे कादंबरी. खर्चाचं तसं नाही. हॉटेलचं बिल चार दिवसांनी ई-मेलने येतं. क्रेडिट कार्डाचा तपशील महिन्याने येतो. परदेशात खर्च झाला असेल तर रुपयांत नेमके किती, हे बँक कळवेपर्यंत माहीत नसतं. शिवाय खर्चाला पावतीचा पुरावा असतो, आणि त्या पावतीवर तिची स्वतःची तारीख असते. तेव्हा तासांना आठवड्याचं आणि खर्चाला महिन्याचं, तेही महिना संपल्यावर सात-आठ दिवसांनी, असं कुलूप असावं. पावती उशिरा आली तर खर्चाची मूळ तारीख पावतीची आणि नोंदीची तारीख आजची, अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींना वेगळी जागा असते. नसेल तर शेऱ्यात लिहावं. वडील तरी दुसरं काय करत होते?

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण इथे कर्मचाऱ्यांची फसगत होते. कुलूप वहीला असतं, हक्काला नसतं. ‘‘आठवडा बंद झाला, आता तुमचे तास धरता येणार नाहीत,’’ असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे. त्या पानावर धरता येणार नाहीत, पुढच्या पानावर धरता येतात. अमेरिकेचा १९३८ चा कामगार कायदा तर तासांची नोंद ठेवण्याची जबाबदारी मालकावरच टाकतो, आणि मालकाच्या माहितीत झालेल्या कामाचे पैसे नोंद नाही म्हणून नाकारता येत नाहीत. आपल्याकडच्या त्या हमालाला कायदा माहीत नव्हता, पण आपली पोती त्याने मोजली होती. म्हणून मी सगळ्या तरुण मंडळींना सांगतो, आपल्या तासांची एक साधी टिपणवही आपल्याजवळ असू द्या. तारीख, काम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. कंपनीचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी ते कंपनीचं आहे.

भाचीने शेवटी मंगळवारचा रस्ता धरला नाही. तिने वरिष्ठांना लिहिलं, गुरुवारी रात्री आठ ते अकरा, अमुक काम, त्या वेळी पाठवलेल्या ई-मेलची वेळ अशी अशी. त्यांनी हिशेबखात्याला सांगून तिचा तो आठवडा एका दिवसासाठी उघडून दिला. तिची नोंद झाली, आणि तिच्या खाली आता कायमचं दिसतं : कुलूप कोणी उघडलं, कोणत्या कारणाने, किती वाजता पुन्हा लावलं. ग्राहकाचं त्या आठवड्याचं बिल आधीच गेलं होतं, त्यामुळे ते तीन तास पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत, मूळ तारखेसह गेले. ग्राहकाने एक प्रश्न विचारला, उत्तर मिळाल्यावर पैसे दिले.

रिक्षाचे एकशे ऐंशी रुपये मात्र मिळाले नाहीत. पावती नव्हती. रिक्षावाल्याने द्यायला हवी होती, असं ती म्हणते.